बुर्कित : अल्ताईतला सोनेरी गरुड आणि त्याला हातावर वागवणारी माणसं

भटकभवानी

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते गरुडाचं प्रवचन पुन्हा एकदा फिरलं. तेच हो, गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो, चाळिशीत त्याची चोच वाकडी होते, मग तो डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून पाडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा कोरा होऊन भरारी घेतो. खाली पन्नास नमस्कार. मी तिथे गप्प बसले. मागे एकदा बोलले होते, तेव्हापासून जिन्यात काही मंडळी मला बघून न बघितल्यासारखं करतात. पण चोच पाडून बसलेला गरुड पाच महिने खाणार काय, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून इथे मन मोकळं करतेय.

खरं सांगायचं तर चोच आणि नखं आपल्या नखांसारखी जन्मभर वाढत असतात आणि वापराने झिजत असतात. पिसं दर वर्षी थोडी थोडी गळतात. उडायची मोठी पिसं सगळी बदलायला दोनेक वर्षं जातात, कारण एकदम गळली तर शिकार बंद. पायात ओळखीचं वळं घातलेल्या रानटी सोनेरी गरुडाची युरोपातली सर्वांत जास्त वयाची नोंद ३२ वर्षांची आहे. पाळलेले काही चाळिशी ओलांडतात, पण त्यांना कोणीतरी ताटात मांस वाढतं आणि वाढलेली चोच तासूनही देतं.

हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी मंगोलियाच्या पश्चिम टोकाला, अल्ताई पर्वतातल्या बायान-उल्गी प्रांतात गेले होते तेव्हा. राजधानी उलानबातरहून प्रांताचं मुख्य गाव उल्गी रस्त्याने १६०० किलोमीटरच्या वर. मी विमानाने गेले. माझी बॅग मात्र दोन दिवस मागे राहिली, त्यामुळे पहिले दोन दिवस यजमानांच्या आजीचा लोकरी कोट घालून वावरले. त्याला मेंढीचा आणि धुराचा वास होता आणि तो परत करताना जीवावर आलं.

या प्रांतात दहातले जवळजवळ नऊजण कझाख आहेत. सोनेरी गरुडाला ते 'बुर्कित' म्हणतात आणि त्याच्याकडून शिकार करवणाऱ्याला 'बुर्कितशी'. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उल्गीजवळ बुर्कितशींचा मेळा भरतो, १९९९ पासून. डोंगराच्या टोकावर गरुड सोडतात, खालून मालक घोड्यावरून हाक मारतो, पक्षी किती वेळात हातावर येतो त्यावर गुण. मग कोल्ह्याचं कातडं दोरीला बांधून घोड्यामागे फरफटवतात आणि गरुडाने ते पकडायचं. निम्मे गरुड हे मनावरच घेत नाहीत. एक तर सरळ प्रेक्षकांच्या डोक्यावरून निघून पलीकडच्या टेकाडावर जाऊन बसला आणि त्याचा मालक, साठीचा गृहस्थ, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी सावरत पाऊण तास त्याच्या मागे चढत होता. मला तोच भाग सगळ्यांत आवडला.

पण मेळा ही जत्रा झाली. खरं जे पाहिलं ते यजमानांच्या घरी.

दाराशी एक लाकडी ओंडका, त्याला 'तुगुर' म्हणतात. त्यावर ती बसलेली. हो, 'ती'च. शिकारीला मादीच घेतात, कारण शिकारी पक्ष्यांमध्ये मादी नरापेक्षा चांगली मोठी असते. नर तीन-चार किलोचा, मादी साडेसहापर्यंत जाते. आपल्याकडे आकाशात फिरणारी घार किलोभराचीसुद्धा नसते, यावरून अंदाज घ्या. पंख पसरले की दोन मीटरच्या वर. पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, पायजमा घातल्यासारखे. मानेमागची पिसं फिकट सोनेरी, नाव त्यावरूनच. बाकी पक्षी गडद तपकिरी आहे. सोन्याचं काही शोधायला जाल तर निराशा होईल.

डोळ्यांवर चामड्याची टोपी. ती 'तोमागा'. ही टोपी घातली की गरुड झोपेत असल्यासारखा शांत होतो. दिसत नाही म्हणजे घाबरायला काही नाही आणि झेपावायलाही काही नाही. यजमानांनी माझ्या उजव्या हातात कोपरापर्यंतचा जाड हातमोजा चढवला ('बियालाय') आणि तिला हातावर दिलं. कझाख लोक गरुड उजव्या हातावर घेतात, लगाम डाव्या हातात. पहिलं अर्धं मिनिट मी राणीसारखी उभी होते. दोन मिनिटांनी हात थरथरायला लागला. वजनाचं तसं काही नाही, पाच किलोचं पीठ आपण दुकानातून आणतोच. पण पीठ वाऱ्याबरोबर तोल सावरत नाही. वारा आला की ती नखं थोडी आवळायची आणि चामड्यातून चार वेगवेगळे दाब जाणवायचे. मागचं नख पाच-सहा सेंटीमीटरचं असतं. मारायचं काम तेच करतं.

घोड्यावर दिवसभर असं कोण धरणार? म्हणून खोगिराला टेकवायची एक लाकडी काठी असते, वर दुबेळकं असलेली. तिचं नाव 'बाल्दाक'. मनगट त्या बेचक्यात ठेवायचं. ती काठी पाहिली आणि या सगळ्या प्रकारावर माझा विश्वास बसला.

मग तोमागा काढली. तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. समोर मैलभर पसरलेल्या पिवळ्या गवताकडे मान ताणून पाहिलं, मानेवरची पिसं उभी राहिली, आणि मग एकदा, सावकाश, माझ्याकडे. त्या नजरेत ओळख वगैरे काही नव्हती. यजमान म्हणाले (दुभाषी पोरगा गावात इंग्रजी शिकवतो), "ती बघतेय तुमच्याकडे मांस आहे का. नाहीये. मग तुम्ही झाड."

माझा हा धागा त्या एका वाक्यासाठी आहे. आपल्याला वाटतं माणूस आणि गरुडाची मैत्री वगैरे. कुत्र्यासारखं प्रेम हा पक्षी करत नाही आणि बुर्कितशीही तसं म्हणत नाही. जे चालतं ते भुकेच्या हिशोबावर चालतं. हिवाळ्याआधी पक्ष्याचं वजन उतरवतात. पाण्यात धुऊन रक्त काढलेलं पांढुरकं मांस देतात, त्याला 'आक जेम' म्हणजे पांढरा चारा म्हणतात. पोट भरतं पण अंगी लागत नाही. पक्षी जाड झाला तर मेळ्यातल्या त्या गरुडासारखा टेकाडावर जाऊन बसतो, फार उतरला तर उणे तीसच्या थंडीत मरतो. या दोन्हींच्या मधली जागा यजमान छातीचं हाड बोटांनी चाचपून ओळखतात. तराजू घरात आहे, लोकर मोजायला.

शिकार हिवाळ्यात, कारण कोल्ह्याची लव तेव्हाच दाट. ताज्या बर्फावर उमटलेले माग जेव्हा स्पष्ट दिसतात त्या दिवसाला त्यांच्यात 'कान्सोनार' असा खास शब्द आहे. बुर्कितशी गरुड घेऊन कड्यावर थांबतो, दुसरा माणूस, 'काघुशी', खालच्या घळीतून हाकारा करत येतो. कोल्हा उघड्यावर निघाला की तोमागा काढायची. पुढचं सगळं काही सेकंदांत. गरुड एका पायाने कोल्ह्याचं तोंड आवळतो म्हणजे चावा बसत नाही, दुसऱ्याने पाठ. बुर्कितशी घोडा फेकत खाली येतो, तिला मांसाचा तुकडा दाखवून कोल्हा बाजूला घेतो. तिने शिकार आणून दिली असं नाही. तिच्यापासून ती सौद्याने सोडवून घेतली. मी हे पाहिलेलं नाही, ऑक्टोबरात गेले होते, जसं सांगितलं तसं लिहितेय.

सात-आठ, फार तर दहा हिवाळे झाले की पक्षी सोडून देतात. वसंतात दूरच्या डोंगरावर नेऊन, समोर मेंढी ठेवून. तिने आता घरटं करावं, पिल्लं काढावी म्हणून. यजमानांनी अशा तीन सोडल्यात. एक परत आली होती, तिला पुन्हा अजून लांब नेऊन सोडावं लागलं. ते सांगताना ते हसत होते, पण आजीने मध्येच काहीतरी म्हटलं आणि दुभाष्याने ते भाषांतरित केलं नाही.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

सह्यघार

वा, फार दिवसांनी पक्ष्यांवर धागा. भटकभवानी, तुमचं 'तुम्ही झाड' वाचून मोठ्याने हसलो.

थोडी भर घालतो. शास्त्रीय नाव अक्विला क्रिसेटॉस. उत्तर अमेरिका, युरोप, उत्तर आफ्रिकेचा थोडा भाग आणि आशिया, असा पसारा, आणि सहा उपजाती मानतात. तुम्ही हातावर घेतलीत ती डॅफेनिया, मध्य आशिया आणि हिमालयातली, आणि सहांमध्ये सर्वांत मोठी. म्हणजे हाच पक्षी आपल्या लडाख-स्पितीत आहे. मी स्पितीत की मठाच्या वरच्या वळणावर पाहिला, साधारण चार मिनिटं. त्यातली तीन मिनिटं 'लॅमरगायर (दाढीवालं गिधाड) आहे की काय' यात गेली.

महाराष्ट्रात सोनेरी गरुड नाही. दर वर्षी कोणीतरी भीमाशंकर नाहीतर ताम्हिणीचा फोटो टाकून 'गोल्डन ईगल' लिहितं, तो बहुतेक वेळा तुरेवाला सर्पगरुड निघतो. पिल्लावस्थेतला सोनेरी गरुड ओळखायला सोपा आहे, पंखांखाली पांढरे डाग आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. चार-पाच वर्षांत ते जातात.

घरटं कड्यावर. एकाच जोडीची दोन-चार घरटी असतात, आलटून पालटून वापरतात आणि दर वर्षी काटक्यांची भर घालतात, त्यामुळे जुनं घरटं माणूस आडवा झोपेल एवढं होतं. अंडी बहुधा दोन, तीन-चार दिवसांच्या अंतराने. सहा आठवडे उबवतात. आधी निघालेलं पिल्लू मोठं असतं आणि अन्न कमी पडलं की, कधी कमी नसतानाही, ते धाकट्याला टोचून मारतं. आई शेजारी बसलेली असते. काही करत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर हे टाका, नमस्कार किती येतात बघू.

आगाऊकाका

माहिती छान पण एक शंका. हा पक्षी लहान मूल उचलून नेतो तो व्हिडिओ मी स्वतः पाहिला आहे. बागेत बाळ बसलेलं, वरून गरुड येतो आणि उचलून नेतो, मग पडतं. आमच्या साडूंनी पाठवला होता. त्याबद्दल लेखिकेने काहीच लिहिलं नाही.

सह्यघार

काका, तो २०१२ सालचा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा व्हिडिओ. ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्गातलं काम म्हणून संगणकावर केला होता. गरुडही खोटा आणि हवेतलं बाळही खोटं. त्यांच्या संस्थेनेच दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. साडूंना कळवा.

उचलण्याचा हिशोब साधा आहे. पाच किलोचा पक्षी सपाट जमिनीवरून आपल्या वजनाएवढंसुद्धा घेऊन उठताना रडकुंडीला येतो. मोठी शिकार तो जागच्या जागी दाबून धरतो आणि तिथेच खातो. बुर्कितशीला घोडा दौडवत खाली जावं लागतं ते त्यामुळेच. कड्यावरच्या रानबकऱ्यांच्या पिल्लांना मात्र तो ओढून दरीत पाडतो, त्याचं खरं चित्रण आहे. वजन गुरुत्वाकर्षण वाहतं, तो फक्त सुरुवात करून देतो.

आगाऊकाका

साडूंना कळवलं. ते म्हणतात तुम्हीच खोटे.

निर्मोही

सगळे कौतुक करतायत म्हणून मुद्दाम वेगळा सूर लावते. घरट्यातून पिल्लू उचलायचं, डोळे बांधायचे, उपाशी ठेवायचं, दहा वर्षं कोल्ह्यांवर सोडायचं आणि मग मेंढी ठेवून 'जा बाई आता' म्हणायचं. यात परंपरा कुठली आणि क्रौर्य कुठलं हे मला कळत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने असा पक्षी पकडणं गुन्हा आहे आणि ते बरंच आहे. आपण माकडवाले, अस्वलवाले बंद केले ना? की परदेशातला अस्वलवाला सुंदर कोट घालून घोड्यावर बसला की तो वारसा होतो?

भटकभवानी

निर्मोही, प्रश्न रास्त आहे. मी गोड करून सांगणार नाही. उलट मूळ लेखात एक गोष्ट टाळली होती, ती सांगते.

रानातून जाळ्यात पकडलेल्या मोठ्या पक्ष्याला सुरुवातीला दोरीवर किंवा डुलणाऱ्या दांड्यावर बसवायची जुनी पद्धत आहे. दांडा हलत राहतो, पक्षी तोल सावरत राहतो, झोप लागत नाही. काही दिवसांनी तो इतका थकतो की माणसाच्या हातचं खातो. यजमानांनी हे स्वतःहून सांगितलं, लाज किंवा अभिमान कसलाच नाही. ते स्वतः पिल्लूच घेतात. हातावर वाढलेल्या पिल्लाला 'कोल्बाला' म्हणतात, अर्थ जवळजवळ 'हातचं पोर'. त्यांच्या मते कोल्बाला सवयीचं होतं पण शिकारीत ढ, आणि जाळ्यातलं रानटी निघतं पण कामात तयार.

पिल्लाबद्दल त्यांचं म्हणणं असं की दोनातलं एक नाहीतरी मरणारच होतं. रानातल्या गरुडांची निम्म्याहून जास्त पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात हे खरं आहे. पण मला विचाराल तर ही सोयीची समजूत आहे, कारण घेताना ते थोरलं, दणकट, मादी पिल्लू घेतात. मरणारं धाकटं कोण घेणार?

अस्वलवाल्याशी तुलना मात्र पूर्ण पटत नाही. अस्वल नाचतं ते अस्वलाचं काम नव्हे. गरुड कोल्हा मारतो ते तो तसाही करणार होता. आणि टोपी काढून सोडल्यावर त्याला बांधलेलं काही नसतं, रोज पळून जायची मुभा असते, आणि काही जातातही. पण उपाशी प्राण्याच्या मुभेला मुभा म्हणायचं का, हे मलाही सांगता येत नाही.

निर्मोही

'उपाशी प्राण्याची मुभा'. नेमकं हेच मला म्हणायचं होतं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, मत बदललेलं नाही.

करवीरकर

डुलणाऱ्या दांड्याचं वाचून आमच्या गावची आठवण झाली. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते होते आणि ते सांभाळणारी चित्तेवान घराणी. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आणि नंतर वाचलेल्या गोष्टी या गरुडाशी इतक्या जुळतात की अंगावर काटा आला.

चित्त्याच्याही डोळ्यांवर टोपी. बैलगाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढायची. शिकार झाली की चित्तेवान धावत जाणार आणि लाकडी पळीत रक्त नाहीतर मांस धरून चित्त्याला शिकारीवरून उठवणार. तोच सौदा. आणि चित्ते पकडायचे ते मोठेच, बछडं नव्हे, कारण शिकार आई शिकवते, माणसाला शिकवता येत नाही. तुमच्या जाळ्यातल्या गरुडासारखंच. माणसाळवताना त्यालाही जागवत. बायाबापड्या, पोरं शेजारी बसून गप्पा मारणार, म्हणजे माणसांच्या आवाजाची सवय व्हावी.

पुढे आपल्याकडचे चित्ते संपत आले आणि संस्थानाने आफ्रिकेतून आणवले. देशातले चित्ते संपले त्यात माळरान गेलं, काळवीट गेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पकडून नेणंही होतं. तेव्हा कैदेत चित्ता जवळजवळ पिल्लं देतच नसे, त्यामुळे प्रत्येक शिकारी चित्ता हा रानातून कायमचा वजा. कझाख निदान दहा वर्षांनी परत सोडतात, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. हा फरक मला मोठा वाटतो.

भटकभवानी

करवीरकर, यावर स्वतंत्र धागा काढा. हात जोडून विनंती.

बखरबहाद्दर

नाव कझाख, देश मंगोलिया, हे कसं, असं कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात अल्ताईच्या दक्षिणेकडून, आजच्या चीनमधल्या शिनजियांगच्या बाजूने, कझाख टोळ्या कुरणांसाठी इकडे सरकल्या. त्यांच्यासाठी वेगळा प्रांत १९४० मध्ये झाला. खुद्द कझाखस्तानात १९३० च्या सुरुवातीला सोव्हिएत सरकारने जनावरं सामुदायिक शेतांत जमा करून घेतली. भटक्यांच्या हातात काही उरलं नाही आणि जो दुष्काळ पडला त्यात पंधरा लाखांच्या आसपास माणसं गेली. कळप गेला, घोडा गेला, मग गरुडाला मांस कुठलं? कला विसरली गेली असं आपण सहज म्हणतो. इथे ती सांभाळणारी माणसंच मेली किंवा चीन-मंगोलियात पळाली. मंगोलियातल्या कझाखांचं भटकेपण त्या मानाने टिकलं, म्हणून बुर्कितशी तिथे टिकला. १९९१ नंतर कझाखस्तान स्वतंत्र झाल्यावर बरेच परत गेले. आता अल्माटीकडेही स्पर्धा होतात. शेजारी किर्गिझ लोकांतही ही परंपरा आहे, इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाला.

जुना पुरावा हवा असेल तर मार्को पोलो. कुबलाई खानाकडे लांडगे, कोल्हे, हरणं धरणारे गरुड होते असं तो सांगतो. कझाखांच्या 'सात खजिन्यां'मध्येही गरुड आहे. यादी प्रदेशागणिक थोडी बदलते, पण चपळ घोडा, तेज शिकारी कुत्रा आणि गरुड ठरलेले. बायको पण आहे यादीत. क्रमांकावर वाद नको.

शेवंती

बखरबहाद्दर, बायको यादीत, आणि त्याच बायकोने गरुड हातावर घेतला तर?

२०१४ च्या उल्गीच्या मेळ्यात आयशोल्पान नुर्गाइव्ह नावाची तेरा वर्षांची मुलगी जिंकली. तिच्यावर माहितीपट निघाला आणि जगभर तिची ओळख झाली. त्यावेळी 'पहिली स्त्री' असं खूप गाजवलं गेलं. ते काही खरं नाही. कझाखस्तानात माकपाल अब्द्राझाकोवा तिच्या आधीपासून स्पर्धांमध्ये उतरत होती, पेशाने वकील. मुलीचं कौतुक कमी होत नाही, घरट्यातून पिल्लू काढायला ती कड्यावरून दोरीने उतरली होती. पण 'पहिली' असल्याशिवाय बाईची गोष्ट विकली जात नाही, हे दुखणं जुनं आहे.

भटकभवानी, त्या घरातल्या बायकांपैकी कोणी गरुड हाताळत होतं का?

भटकभवानी

हाताळत म्हणजे काय ते सांगते. बापलेक चार दिवस मेंढरांमागे गेले की गरुडाला चारा कोण घालतं? मांस धुऊन पांढरं कोण करतं? सून. मी राहिले त्या तीन दिवसांत तिने रोज सकाळी बर्फगार पाण्यात मांस पिळलं, बोटं लालबुंद. तिला विचारलं तू शिकारीला जातेस का, तर म्हणाली, "मला वेळ कुठेय?" बुर्कितशी मात्र सासरे.

मोबाइलवेडा

थोडं अवांतर, पण गरुडाचंच. २०१९ मध्ये रशियातल्या संशोधकांनी स्टेप, म्हणजे गवताळ मैदानांतल्या, गरुडांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावले होते. दिवसातून काही एसएमएस, त्यात ठिकाण. मिन नावाची एक मादी उन्हाळाभर कझाखस्तानात रेंज नसलेल्या भागात बसली आणि नंतर थेट इराणात उतरली. तिथे रेंज मिळाल्यावर महिन्यांचे तुंबलेले मेसेज धडाधड गेले, आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या दरात. प्रकल्पाचे पैसे खलास. शेवटी लोकांनी वर्गणी काढून गरुडाचा मोबाइल रिचार्ज केला आणि टेलिकॉम कंपनीने बिल माफ केलं.

सह्यघार

मोबाइलवेडा, अवांतर नाही. स्टेप गरुड हा सोनेरी गरुडाचा चुलतभाऊ आणि तो थंडीत खरोखर आपल्याकडे येतो. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेली गुरं टाकतात तिथे डिसेंबरात शेकड्याने बसलेले दिसतात. मध्य आशियाचा गरुड पाहायचा म्हणून मंगोलियाला जायला नको, रात्रीची रेल्वे पुरते. तोंडावर रुमाल मात्र बांधा.

सोनेरी मात्र एवढा लांब येत नाही. तिथल्या गवताळ प्रदेशात दोघांचाही मोठा घात विजेच्या तारांवर होतो. झाड नाही, म्हणून खांबावर बसतात, आणि पंख मोठे म्हणून दोन तारांना एकदम लागतात. राजस्थानात माळढोक तारांना आपटून मरतो, तिकडे गरुड तारांवर बसून.

साबुदाणावडा

सगळं वाचलं. आता महत्त्वाचं. शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं? आणि येताना काय आणण्यासारखं आहे?

भटकभवानी

खायचं म्हणाल तर बाउर्साक. मैद्याचे तळलेले फुगीर तुकडे, शंकरपाळ्यांचा अळणी भाऊ. त्याबरोबर मीठ घातलेला दुधाचा चहा, ज्याची तिसऱ्या दिवशी सवय होते. कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, दाताने फुटत नाहीत, गालात धरून ठेवायचे. बाकी सगळं मेंढी नाहीतर घोडा. मेथीचे ठेपले न्या. मी नेले होते, पण ते त्या मागे राहिलेल्या बॅगेत होते.

आणण्यासारखं म्हणजे भरतकामाच्या पिशव्या. कोल्ह्याच्या टोप्या मिळतात, पण त्या आपल्या विमानतळावर प्रश्न विचारायला लावतील, नकोच. मी मेळ्यातल्या दुकानातून एक तोमागा घेतली. सुंदर शिवण, वर चांदीसारखं बटण. घरी येऊन यजमानांना दाखवली तर त्यांनी ती बोटावर फिरवून पाहिली, डोळ्यांच्या जागी आतून अंगठा घातला, आणि सुनेकडे देत काहीतरी म्हणाले. सगळे पोट धरून हसले. दुभाष्याने सांगितलं, "म्हणतायत, हिच्यात कबूतर बसेल."

किल्ल्या ठेवते आता त्यात.